तीन चाकांची लॉरी आणि आमचा शनिवार

शनिवार होता आणि दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. वेळ एवढी पक्की सांगते, कारण मला दहा मिनिटं उशीर झाला होता. आणि माझ्या लेकीला, ईश्वरीला, अंगणवाडीतून आणायला मी कधी उशीर करत नाही. धावत गेले तर अंगणवाडीचं दार लोटलेलं, आत अंधार, आणि आतून वीस लेकरांच्या हसण्याचा आवाज!

दार ढकललं. समोर टीव्हीवर एक खेळण्यातली लॉरी डाव्या बाजूला गोल गोल फिरत होती आणि एक कोंबडी तिच्यावर ओरडत होती. मी ईश्वरीला उचलायला आत गेले, ते पायात चप्पल तशीच ठेवून खाली बसले. पिच्चर संपल्यावरच उठले.

तेव्हापासून आमच्या गावात शनिवार म्हणजे पिच्चर. कळंबच्या अलीकडचं आमचं गाव लहान आहे, इथं दुसरं काही घडत नाही. त्यामुळं ह्या एका पिच्चरवरून इतके किस्से साठलेत, की नळावर घागर भरेपर्यंत एक तरी नवीन ऐकायला मिळतो. प्रत्येक जण त्यात पदरचं मीठ घालतो. म्हणून म्हटलं, जास्त खारट व्हायच्या आत आपणच लिहून काढावं!

आधी पिच्चर सांगते. अंगणवाडीच्या मंगलताईंना लेकरांच्या अभ्यासासाठी टीव्ही मिळाला. त्यांच्या भावानं एका पेनड्राईव्हमध्ये हा कार्टूनचा पिच्चर घालून दिला. हा एकच. दुसरा त्यात नाही, म्हणून दर शनिवारी हाच. एक खेळण्यांचं कुटुंब आहे. बाप म्हणजे लॉरी, पण तिला तीनच चाकं, म्हणून ती सारखी डावीकडं वळते. आई म्हणजे चावीची कोंबडी. आजोबा ढोल वाजवणारे, पांढऱ्या मिशांचे. आणि लेक म्हणजे भोवरा, थांबला की पडतो. एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेला जाताना हे चौघं खेळणीवाल्याच्या टेम्पोतून खाली पडतात, आणि पुढच्या जत्रेपर्यंत चालत निघतात. बस, एवढंच. त्यात वाईट माणूस कुणीच नाही. फक्त रस्ता लांब आहे.

आणि आता माझं सांगते. ईश्वरी पाच वर्षांची आहे. घरात माझ्या कानाशी येऊन हळूच बोलते, तिच्या आजीशी बोलते, पप्पांशी थोडं बोलते. उंबऱ्याबाहेर पाय टाकला की एक शब्द नाही. अंगणवाडीत दोन वर्षं गेली, तिथं कुणी तिचा आवाज ऐकलेला नाही. धाराशिवला डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी कान बघितले, जीभ बघितली, म्हणाले, "सगळं चांगलं आहे. बोलेल. फक्त मागं लागू नका." सोनारीला भैरवनाथाला पण जाऊन आलो. देवानं आणि डॉक्टरनं दोघांनी एकच सांगितलं म्हणायचं, धीर धर. पण जूनमध्ये ती पहिलीला जाणार. माझी शाळा सातवीला सुटली, तिची तर सुरूच व्हायच्या आधी अडते की काय, ह्या विचारानं भाजीत मीठ दोनदा पडायचं.

असो. किस्से सांगायला बसलेय.

* * *

माझ्या सासूबाई पहिल्यांदा अंगणवाडीत आल्या त्या मला शिव्या द्यायला. शेळी सुटली होती आणि मी घरात नव्हते.

"तिकडं शेळीनं दावं तोडलं, आन ही हितं लेकरांत लेकरू हून बसलीय!" असं म्हणत त्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या. नेमके तेव्हाच टीव्हीवर ढोलवाले आजोबा आले. मिशा फेंदारलेल्या, छाती पुढं.

सासूबाईंनी झटकन डोक्यावर पदर घेतला आणि तोंड फिरवून उभ्या राहिल्या!

सगळ्या बाया हसायला लागल्या. मी म्हटलं, "आत्या, ते खेळणं हाय हो."

"खेळणं असलं म्हणून काय झालं? वयानं मोठं हाय की न्हाय?"

मग त्या बसल्या. आजोबा आले की पदर वर, आजोबा गेले की पदर खाली. पुढच्या शनिवारी तेच, त्याच्या पुढच्या शनिवारी तेच. शेवटी मंगलताई म्हणाल्या, "आत्या, आता तर रोजची ओळख झाली. आता कशाला पदर?"

सासूबाई म्हणाल्या, "आधी परके होते, तवा विसरले तरी चाललं असतं. आता घरचे झाले!"

शेळी अंगणवाडीच्या मागं शेवग्याचा पाला खात उभी होती. तिची आठवण पिच्चर संपल्यावर झाली.

* * *

पिच्चर हिंदीत आहे. आमच्या बायांना टीव्हीवरच्या मालिकांएवढी हिंदी कळते, पण ही खेळणी भराभर बोलतात. म्हणून शबानाभाभी सांगायला बसते. तिचं घर अंगणवाडीला लागूनच आहे, घरात ते लोक त्यांची हिंदी बोलतात, आमच्याशी आमच्यासारखं बोलते.

पिच्चरात कोंबडी म्हणते, "चलो."

शबानाभाभी सांगते, "ती म्हणायलीय, चला आता, दिवस कलला. ह्या बाबाला कितीदा सांगितलं सरळ चाला म्हणून, माझ्या माहेरी एकबी माणूस असा डावीकडं चालत न्हाय. तरी माझा बाप म्हणला होता, लॉरीला देऊ नको, बैलगाडीला दे!"

बाया लोळून हसायच्या. कुणी विचारलं, "भाभी, एवढं समदं ती एका शब्दात म्हणली?"

"हिंदी लई आटीव असती," भाभी म्हणायची.

एका शनिवारी भाभी बहिणीकडं कळंबला गेली. त्या दिवशी पिच्चर लागला, संपला, कुणी हसलं नाही. बाया चपला घालून मुकाट्यानं बाहेर पडल्या. सासूबाई मंगलताईंना म्हणाल्या, "ताई, तुमच्या टीव्हीत काहीतरी बिघाड झालाय. कोंबडी आज कमी बोलली!"

* * *

ईश्वरीच्या पप्पांचा टेम्पो आहे. कळंबच्या बाजाराला माल नेतात. त्यांना पिच्चरचं कौतुक सांगितलं, की म्हणायचे, "लेकरांचं काय बघायचं?" एकदा प्लग ढिला झाला म्हणून ताईंनी त्यांना बोलावलं. प्लग बसवला. पण आत सगळ्या बाया, म्हणून ते बाहेर खिडकीशी जाऊन उभे राहिले. "टीव्ही चालतोय का बघतो," म्हणाले.

टीव्ही दीड तास चालतोय का बघत होते!

लॉरीबाप चढावर अडकतो तो प्रसंग आला. मागं कुटुंब ढकलतंय, लॉरी वळतेय डावीकडं. खिडकीतून एकदम आवाज आला, "आरं दगड लावा! आधी चाकामागं दगड लावा, मग ढकला! कोण शिकवलं ह्यांना?"

बाया म्हणाल्या, "भाऊजी, त्यांना ऐकू येत न्हाय."

"मग ह्यांचं हेच व्हणार!"

घरी आले ते लाकडाची फळी शोधतच. चार चाकं रबरी चपलेची कापली, खिळे ठोकले, दोरी बांधली, आणि झकास लॉरी करून ईश्वरीपुढं ठेवली. ईश्वरीनं ती फिरवून बघितली. मग खाली बसली, बोटांनी ओढून ओढून एक चाक काढलं आणि पप्पांच्या हातावर ठेवलं. मग दोरी ओढली. लॉरी डावीकडं वळली. तेव्हा कुठं तिचं तोंड फुललं.

ते मला म्हणाले, "माझ्या हातची लॉरी पहिल्यांदाच कुणीतरी बिघडवून दुरुस्त केली."

एवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज. "माझी डाव्या पायाची चप्पल दिसंना कुठं!"

आम्ही दोघं चाकांकडं बघायला लागलो. सासूबाई बाहेर आल्या, त्यांनी पण चाकांकडं बघितलं. लेकाला काही बोलल्या नाहीत. हात पुढं करून म्हणाल्या, "ते चौथं हिकडं आण. टाचंला तरी लावते!"

* * *

अंगणवाडीत एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात खेळणी आहेत. नवी कोरी, प्लास्टिकच्या पिशवीतच. पण ती बाहेर निघत नाहीत, कारण तपासणीला मॅडम येतात आणि सगळी खेळणी जागेवर आहेत का विचारतात. एखादं मोडलं तर मंगलताईंनी उत्तर काय द्यायचं? म्हणून कुलूप. ताईंचंही चुकत नाही. कितीतरी ठिकाणी असंच असतं म्हणतात.

पण पिच्चर बघितल्यापासून लेकरांच्या मनात भलतंच आलं. खेळणी चालतात, बोलतात, दमतात, तर मग पेटीतल्यांचं काय? एक दिवस ताईंच्या लक्षात आलं की पेटीवर भाकरीचे तुकडे आहेत. दुसऱ्या दिवशी गुळाचा खडा. तिसऱ्या दिवशी फुलपात्रात पाणी! ईश्वरी तर पेटीला कान लावून बसायची. ताईंनी विचारलं, "काय ऐकू येतंय गं?" तिनं बोट ओठावर ठेवलं.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात मॅडम आल्या.

वह्या बघितल्या, वजनकाटा बघितला, आणि नजर पेटीवर गेली. भाकरी, गूळ, पाणी, आणि सगळ्याला मुंग्या.

"हे काय आहे?" मॅडम म्हणाल्या.

ताईंचा चेहरा पडला. पण अंगणवाडीतल्या मदतनीस लक्ष्मीमावशी खिचडी ढवळता ढवळताच म्हणाल्या, "मॅडम, आतली माणसं दोन वर्षं झालं उपाशी हायत."

मला वाटलं, आता ताईंची काही खैर नाही. मॅडमनी लेकरांकडं बघितलं. मग म्हणाल्या, "उघडा."

"मॅडम, मोडली तर?"

"मोडली तर मोडली असं लिहा. खेळून मोडली म्हणून लिहा."

कुलूप गंजलेलं. तेल घालून उघडलं. आत ठोकळे, रंगीत कड्या, कापडी बाहुल्या, आणि चावीचा एक हिरवा बेडूक. मॅडमनी बेडकाला चावी दिली. टुण्, टुण्, टुण्. लेकरं मागं. मॅडम पण मागं. परत चावी, परत टुण् टुण्. पुढच्या गावच्या अंगणवाडीतून फोन आला, "मॅडम, निघालात का? आम्ही वाट बघतोय."

मॅडम जमिनीवर बसलेल्या. आवाज एकदम कडक केला आणि म्हणाल्या, "थांबा! इथली तपासणी अजून चालू आहे!"

* * *

पिच्चरात मधे एक जागा आहे, तिथं आमच्या खोलीत टाचणी पडली तरी ऐकू येईल. कोंबडीची चावी वाटेत पडते. ती चालते चालते आणि थांबते. बोलायची पण थांबते. इतका वेळ सगळ्यांना ओरडणारी कोंबडी एकदम गप्प. मला वाटलं होतं, आता सगळे तिला हलवतील, रडारड करतील. तसं काही नाही. लॉरी तिच्या एका बाजूला जाऊन उभी राहते, भोवरा दुसऱ्या बाजूला आडवा होतो, आजोबा ढोल खाली ठेवतात. बसून राहतात. रात्र जाते, सकाळ होते, चावी सापडते. पण त्याच्या आधी कुणी तिला एकदाही "बोल" म्हणत नाही.

सगळ्या बाया जमलेल्या असताना तो प्रसंग पहिल्यांदा लागला, तेव्हा ईश्वरी माझ्या मांडीवर होती. तिनं माझा हात घट्ट धरला होता. शबानाभाभीनं पण त्या वेळी काही सांगितलं नाही. सांगायला तिथं काही बोलणंच नव्हतं.

पिच्चर संपल्यावर लक्ष्मीमावशी मधे उभ्या राहिल्या, हातात झाडू. म्हणाल्या, "बायांनो, बघितलं ना? कोंबडीला कुणी हलवलं का? मग आजपास्नं ईश्वरीला कुणी 'बोल की गं, बोल की गं' करायचं न्हाय. ज्याला लई बोलायची हौस असंल त्यानं स्वतः बोलावं."

आता ह्याच्यात किस्सा काय? तर पुढच्याच शनिवारी माकणीहून माझ्या मावससासूबाई आल्या. मनानं चांगल्या, पण प्रश्न विचारायची लई आवड. सासूबाईंनी त्यांना कौतुकानं पिच्चरला आणलं. त्या आल्या आल्या ईश्वरीसमोर बसल्या.

"नाव काय गं बाई तुझं?"

ईश्वरी माझ्या पदराआड.

"नाव सांग की. सांगत न्हाईस? नाव न्हाय का तुला? काय नाव तुझं?"

आणि मागून लक्ष्मीमावशींचा खणखणीत आवाज आला, "लक्ष्मी!"

मावससासूबाईंनी वळून बघितलं. "तुमचं न्हाय विचारलं ओ. हिचं विचारलं. नाव काय तुझं?"

"शबाना!" भाभी दुसऱ्या कोपऱ्यातून.

"आगं..."

"मंगल!" ताई पण!

मग काय, एकेक करत सगळ्या खोलीनं नावं सांगितली. लेकरांनी तर दोन दोन वेळा. सगळ्यात शेवटी माझ्या सासूबाईंनी स्वतःच्या सख्ख्या बहिणीला आपलं नाव सांगितलं, आडनावासकट!

मावससासूबाई पाहुण्या म्हणून आल्या आणि जनगणना करून गेल्या. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पूजा, तुझ्या गावातल्या बाया चांगल्या हायत, पण जरा मागच्या बाकावरच्या हायत."

ईश्वरी माझ्या पदरात तोंड घालून हसत होती. आवाज नाही, पण खांदे नुसते गदगदा हलत होते.

* * *

उन्हाळा लागला आणि पहिलीत जाणाऱ्या लेकरांचा मेळावा भरला. शाळेच्या पटांगणात टेबलं मांडतात. एका टेबलापाशी लेकरानं उडी मारायची, एकावर रंग ओळखायचे, एकावर चित्र बघून बोलायचं. प्रत्येक लेकराचा एक कागद, त्यावर खुणा करतात. त्या दिवशी मला सकाळपासून घास गेला नाही.

ईश्वरीनं उड्या मारल्या. रंग बोटानं दाखवले. मणी मोजून ठेवले, एक पण चुकली नाही. मग बोलायचं टेबल. तिथं शाळेचे गुरुजी बसलेले. त्यांनी चित्र दाखवलं, जत्रेचं. "काय दिसतंय बाळा?"

ईश्वरी गप्प. मागं रांगेतली लेकरं मात्र चित्र बघून ओरडायला लागली, "गुरुजी, जत्रा! लॉरी जायलीय जत्रंला!"

"कुठली लॉरी?" गुरुजींना पिच्चर माहीत नव्हता. ते रोज धाराशिवहून येतात, शनिवारी सकाळची शाळा करून दुपारी निघून जातात.

लेकरांनी कपाळाला हात लावला. एवढा शिकलेला माणूस आणि लॉरी माहीत नाही! मग सगळ्यांनी मिळून गुरुजींना शिकवायला घेतलं. आजोबा कोण, कोंबडी कोण. लॉरी व्हायला कुणी मोठं माणूस पाहिजे म्हणून गुरुजींनाच उभं केलं. गुरुजी "घर्रर्र" करत चालायला लागले, सरळ. लेकरं ओरडली, "डावीकडं!" गुरुजी वळले. "आणिक डावीकडं!" पटांगणात पाच फेऱ्या झाल्या. गुरुजींचा चष्मा खिशात, घाम गळतोय, आणि मागून भोवरा होऊन गरगरत कोण चाललंय, तर ईश्वरी! ती थांबली, पडली, उठली, परत गरगरली.

मुख्याध्यापक ऑफिसातून बाहेर आले. "गुरुजी, हे काय चाललंय?"

गुरुजी थांबले नाहीत. म्हणाले, "सर, माझी परीक्षा चालू आहे. उजवीकडं वळलो की नापास करतात!"

नंतर कागदावर खुणा केल्या. सगळ्या रकान्यांत खूण, बोलण्याच्या रकान्यात नाही. माझे डोळे तिथंच अडकले. गुरुजींनी ते बघितलं असणार. म्हणाले, "ताई, फुली मारलेली नाही. मोकळा ठेवलाय. जूनमध्ये भरू, दिवाळीत भरू. शाळा कुठं पळून चाललीय?"

चांगलं बोलले. पण तो मोकळा रकाना त्या दिवसापासून माझ्या डोळ्यांपुढून हलेना. भाकरी थापताना पण दिसायचा.

* * *

आता शेवटचा.

ह्या उन्हाळ्यात लाईटचं वेळापत्रक बदललं. तीन वाजता लाईट नाही म्हणून त्या शनिवारी पिच्चर सकाळी अकराला ठेवायचं ठरलं. पण बाया रानात. मी आणि सासूबाई ज्वारीची धसकटं वेचायला गेलो होतो, पलीकडच्या वावरात शबानाभाभी, त्याच्या पलीकडं आणखी चौघी. सगळ्यांना कळवणार कसं? मग लक्ष्मीमावशी मारुतीच्या देवळात गेल्या. तिथं भोंगा आहे, गावात काही सांगायचं असलं की त्याच्यावरून सांगतात. ईश्वरीला मी अंगणवाडीत सोडून आले होते, ती पण मावशींचं बोट धरून देवळात गेली.

भोंगा खरखरला. मावशींचा आवाज साऱ्या शिवारात आला, "ऐका बायांनो! पिच्चर आज तीनला न्हाय, अकराला हाय! अकराला! कामं आवरा आन या! परत सांगायची न्हाय!"

परत सांगितलंच. तीनदा. मग आवाज थांबला. पण भोंगा बंद झाला नाही. भांड्याचा आवाज आला, कुणीतरी पाणी पिल्याचा आवाज आला, लांबून पुजाऱ्यांशी मावशी काहीतरी चहावरून बोलतायत ते ऐकू आलं. शबानाभाभी बांधावरून ओरडली, "मावशी माईक बंद करायला विसरली! आता बघा, कुणाकुणाचं काय काय भाईर येतंय!"

आम्ही हसतोय, तोवर भोंग्यातून कुणीतरी फूं केलं.

फूं. परत फूं.

आणि मग एक आवाज आला. बारीक, जरा घोगरा. मी तो आवाज पाच वर्षं फक्त माझ्या कानाशी ऐकला होता. तो आवाज चिंचेवरून, विहिरीवरून, साऱ्या रानावरून आला.

"माझी आजी हाय ना," आवाज म्हणाला, "ती पिच्चरात रोज रडती."

माझ्या हातातली धसकटं खाली पडली. सासूबाई वाकलेल्या होत्या, तशाच वाकून राहिल्या.

"आन म्हणती, डोळ्यात कुसळ गेलं."

पलीकडच्या वावरातल्या बाया कमरेवर हात ठेवून भोंग्याच्या दिशेनं बघत उभ्या. भोंग्यात ईश्वरीनं एक मोठा श्वास घेतला.

"कुसळ न्हाय गेलं."

मग मावशींची किंकाळी, काहीतरी धाडकन पडलं, आणि भोंगा बंद.

मी सासूबाईंकडं बघितलं. त्या हळूहळू सरळ झाल्या. मग दोन्ही डोळ्यांतून धारा लागल्या. त्यांनी धसकटाच्या हातानंच डोळे पुसले, सगळं तोंड मातीनं भरलं.

बांधावरून शबानाभाभी डोळे पुसत, हसत ओरडली, "क्या हुआ मौसी? आँख में कुछ गया क्या?"

"व्हय!" सासूबाई तिच्याहून मोठ्यानं ओरडल्या. "कुसळ गेलंय! पाचुंदाभर कुसळं गेलीत! हसायलीस काय नुसती, जा की! गावात सांग, पै-पाहुण्यांत सांग, भेटल त्याला सांग, माझी नात बोलली म्हणून सांग!"

भाभी पळत निघाली. सासूबाईंनी तिला पुन्हा हाक मारली.

"आन ऐक! काय बोलली ते मातर कुणाला सांगू नको!"